वन डाऊन कोण?

नोव्हेंबर २०२५, बुधवारी सकाळी साऊथ आफ्रिकेविरुद्धच्या गुवाहाटीच्या टेस्टचा शेवटचा दिवस होता आणि ऑफिसात मी सोडून कुणालाच त्याचं काही पडलेलं नव्हतं. मी एका मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून मोबाईलवर स्कोर बघत बसलो होतो. साई सुदर्शन खेळत होता, म्हणजे नुसता उभा होता म्हणा ना. १३९ बॉलमध्ये १४ रन. टार्गेट ५४९, आदल्या दिवशी २७ वर २ गेलेले, जिंकायचा प्रश्नच नव्हता, टिकायचं होतं फक्त. तो पोरगा टिकायचा प्रयत्न करत होता आणि समोरून एकेक जण येऊन जात होता. १४० ऑलआउट, ४०८ रनांनी हरलो, रनांच्या हिशोबात आपला आजवरचा सगळ्यात मोठा पराभव. २००० नंतर पहिल्यांदा साऊथ आफ्रिका आपल्याकडे येऊन सिरीज जिंकून गेली, ती पण २-० ने.

दुपारी बाबांचा फोन. बाबा एरवी फोन करत नाहीत, व्हॉट्सॲपवर गुड मॉर्निंगची फुलं तेवढी पाठवतात. म्हणाले, "अरे ते चहा आधी आणि जेवण नंतर काय प्रकार आहे?" मी सांगितलं की तिकडे ईशान्येला सूर्य लवकर मावळतो म्हणून सकाळी लवकर सुरू करतात, आधी टी मग लंच. त्यावर म्हणाले, "म्हणजे बॅटिंग ऑर्डरसारखंच, काय कधी येईल नेम नाही."

हे त्यांनी बोलून टाकलं आणि मला रात्रभर तेच डोक्यात. कारण गेलं वर्षभर मी पण सगळ्यांसारखाच भांडतोय, सर्फराज खानला का नाही घेत, करुण नायरला अजून एक सिरीज द्यायला हवी होती, कोच गंभीरला काढा, सिलेक्टर आगरकर काय करतोय वगैरे. आणि या सगळ्या भांडणात नावं बदलतात, खुर्ची तीच राहते. ती खुर्ची म्हणजे तीन नंबर. वन डाऊन, पहिली विकेट पडली की जो बॅटिंगला जातो तो. आमच्या लहानपणी गल्लीत पण वन डाऊन कोण जाणार यावर मारामारी व्हायची, कारण ओपनरला नवीन बॉल लागतो आणि चार नंबरवाल्याला बऱ्याचदा बॅटिंगच येत नाही, मधला मान म्हणजे वन डाऊन.

रात्री बसून मोजलं. बेंगळुरूच्या त्या ऑक्टोबर २०२४ च्या टेस्टपासून या गुवाहाटीपर्यंत, साधारण तेरा महिन्यांत, तीन नंबरला कोण कोण येऊन गेलं बघा. बेंगळुरूला गिलची मान आखडली म्हणून कोहली. मग पुणे-मुंबईला गिल. पर्थला गिलचा अंगठा दुखावला म्हणून पडिक्कल. मग परत गिल. मेलबर्नला रोहितला ओपन करायचं होतं म्हणून राहुल तीनला आणि गिल चक्क टीमबाहेर. सिडनीला रोहित स्वतःच बाहेर बसला, मग परत गिल. इंग्लंडमध्ये लीड्सला साई सुदर्शन, त्याची पहिलीच टेस्ट, ० आणि ३०, लगेच बाहेर. मग करुण नायर दोन टेस्ट. मग परत साई, मँचेस्टरला ६१. वेस्ट इंडिजविरुद्ध दिल्लीला त्याने ८७ आणि ३९ केले आणि त्याच्या पुढच्याच टेस्टला, साऊथ आफ्रिकेविरुद्ध कोलकात्याच्या ईडनवर, बसवला! तीनला कोण तर वॉशिंग्टन सुंदर. आणि गुवाहाटीला परत साई तीनला, सुंदर आठला.

सात माणसं. तेरा महिने. लग्नाच्या पंगतीत पण एवढ्या पटकन माणसं उठत नाहीत.

आणि सुंदरचं बघा, ईडनवर त्याने काही वाईट नाही केलं. २९ आणि ३१. शेवटच्या डावात १२४ हवे होते आणि आपण ९३ ला गारद, त्यात सगळ्यात जास्त त्याचेच ३१. मग पुढच्या मॅचला सरळ आठला. म्हणजे चांगला खेळला तरी खाली आणि ८७ केले तरी बाहेर, मग नेमकं करायचं काय माणसाने?

वन डाऊन हा प्रकार किती वेगळा असतो हे ज्याने कधी पॅड बांधून बसायचं काम केलंय त्यालाच कळतं. मी कॉलेजच्या टीममध्ये वन डाऊन होतो, म्हणजे सलग दोन मॅच होतो, तिसऱ्या मॅचला सरांनी दुसऱ्याच कुणाला पाठवलं आणि मला सांगितलं की तू फिल्डिंगला चांगला आहेस. असो. पण त्या दोन मॅचमध्ये एक कळलं, की तुम्ही पहिल्या बॉलपासून पॅड बांधून बसता, वडापाव समोर असतो पण खाता येत नाही, लघवीला जायचं तर दोनदा विचार, आणि तुम्हाला माहीतच नसतं की तुम्ही ० वर १ असताना जाणार की १५० वर १ असताना. ओपनरला निदान एवढं माहीत असतं की बॉल नवा आहे. तीन नंबरवाल्याला दोन्ही खेळ यावे लागतात आणि कुठला लागणार हे ऐन वेळी कळतं. ही सवयीची गोष्ट आहे. ऑलराउंडरला उचलून तिथे टाकायची जागाच नाही ती.

आपल्याकडे ही जागा वर्षानुवर्षं भरलेली असायची. द्रविड, मग पुजारा. पुजाराची शेवटची टेस्ट जून २०२३, ओव्हलवरची वर्ल्ड टेस्ट चॅम्पियनशिपची फायनल. १०३ टेस्ट, ७१९५ रन. त्याला काढला तेव्हा मी पण खूश होतो हे प्रामाणिकपणे सांगतो, म्हटलं आता तरी स्कोरबोर्ड हलेल. २०२०-२१ च्या ऑस्ट्रेलियात त्याने चार टेस्टमध्ये ९२८ बॉल खेळले होते. त्यात ब्रिस्बेनला शेवटच्या दिवशी छातीवर, बोटांवर, हेल्मेटवर खात २११ बॉल, ५६ रन. आपल्याला पंतचा तो विनिंग चौकार आठवतो, पण पंत आला तेव्हा समोरचे बॉलर दमलेले होते, ते दमवायचं काम कुणी केलं होतं? आज साईचे १३९ बॉलमध्ये १४ बघून लोक मीम करतायत. मीम करा, पण आपल्याला नक्की काय हवंय ते आधी ठरवा. पुजारा नको म्हणून काढला आणि आता पुजारा का नाही म्हणून ओरडतोय.

आता थोडं गहुंज्याबद्दल, म्हणजे पुण्याच्या स्टेडियमबद्दल, कारण मी तिथे होतो.

२६ ऑक्टोबर २०२४, शनिवार, दिवाळीच्या आधीचा. न्यूझीलंडविरुद्धची दुसरी टेस्ट. आम्ही चिंचवडला राहतो त्यामुळे स्टेडियम तसं हायवेला लागलं की आलंच. बाबांना घेऊन गेलो होतो, टोपी, रुमाल, आणि आईने नको नको म्हणताना दिलेल्या चकल्या, ज्या अर्थातच गेटवर आत नेऊ दिल्या नाहीत. टार्गेट ३५९. आदल्याच दिवशी १५६ ला ऑलआउट झालेलो, त्यांच्या स्पिनरला, सँटनरला, ७ विकेट, कोहली फुलटॉसवर बोल्ड. फुलटॉस! पण शनिवारी जयस्वाल असा काही सुटला की लंचला ८१ वर १ आणि आख्खं स्टँड हिशोब करायला लागलं. माझ्या पुढच्या रांगेतले एक काका तर चौथ्या दिवशी यायची गरज नाही, आजच संपवतात असं ठामपणे सांगत होते. मॅच त्या दिवशीच संपली म्हणा, ते बरोबरच होतं त्यांचं.

लंचनंतर सँटनर. मी त्याच्याकडे बघत होतो आणि मला कळेना की हा करतोय काय, एवढा मोठा टर्न वगैरे काही दिसत नव्हता मला वरून. बाबा म्हणाले, "हा बॉल वळवत नाहीये रे, हा बॉल थांबवतोय." म्हणजे स्पीड. एक जोरात, एक हळू, एक त्याहून हळू, आणि आपले बॅट्समन सगळ्याला एकाच वेगाने पाय टाकतायत. जयस्वाल ७७ वर स्लिपला. कोहली १७ वर एलबी. पंत तर शून्यावर रनआउट. २४५ ऑलआउट, ११३ रनांनी हरलो, २०१२ मध्ये इंग्लंडने हरवल्यापासून घरी सलग १८ सिरीज जिंकत आलो होतो ते तिथे संपलं. चिंचवडपासून वीस मिनिटांवर. सँटनरच्या मॅचमध्ये १३ विकेट, आणि त्याआधी त्याने टेस्टमध्ये एका डावात पाच विकेट कधीच घेतल्या नव्हत्या.

घरी येताना गाडीत बाबा गप्प. देहूरोडपाशी म्हणाले, "याच्यापेक्षा ओ'कीफ बरा होता." २०१७ मध्ये याच गहुंज्याला, तिथल्या पहिल्याच टेस्टमध्ये, ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह ओ'कीफने ३५ रनांत ६ आणि परत ३५ रनांत ६ काढल्या होत्या, आपण १०५ आणि १०७. म्हणजे आठ वर्षांत एकाच मैदानावर दोनदा तोच धडा, बॉलर वेगळा.

आणि इथे माझा मुद्दा आहे, जो मी ऑफिसच्या ग्रुपवर लिहिला तर कुणी वाचला नाही, म्हणून इथे लिहितोय. आपण खड्डा पिच बनवतो कारण वाटतं आपले स्पिनर भारी आहेत. भारी आहेतच. पण आखाडा इतका वळायला लागला की भारी स्पिनर आणि साधा स्पिनर यात फरकच उरत नाही. चांगल्या पिचवर अश्विन दोनशे ओव्हरचं डोकं लावून विकेट काढायचा आणि समोरचा स्पिनर मार खायचा, तो आपला फायदा होता. २०१६ मध्ये इंग्लंडला ४-० हरवलं तेव्हा काय होतं, वानखेडेवर ६३१, चेन्नईला ७ बाद ७५९ डिक्लेअर. आधी डोंगर केला आणि मग समोरच्यांना त्यावरून ढकललं. आता आपण दोन्ही टीमला दीडशेच्या लॉटरीत उभं करतो आणि म्हणतो बघू कुणाचा नंबर लागतो. ईडनवर गंभीर मॅचनंतर म्हणाला की आम्ही मागितलं होतं तसंच पिच मिळालं. मग तर अजूनच वाईट ना भाऊ. चार स्पिनर घेऊन उतरलो होतो आणि मॅच नेली सायमन हार्मरने, जो २०१५ ला इथे येऊन गेला, मग कित्येक वर्षं इंग्लंडमध्ये काउंटी खेळला आणि आता छत्तिशीत परत येऊन सिरीजमध्ये १७ विकेट घेऊन गेला.

बरं गुवाहाटीला पिचचा दोष पण देता येत नाही. त्यांनी ४८९ केले तिथे. मुथुसामीने शंभर, यान्सेनने ९३. मग आपण ९५ वर १ आणि तिथून १२२ वर ७! यान्सेनने आखूड बॉल टाकून काढल्या, त्यात पंत पुढे येऊन उडवायला गेला, कॅप्टन असून. आणि मग कुलदीप आला आणि १३४ बॉल खेळला. कुलदीप यादव. म्हणजे पिचवर भूत नव्हतं हे कुलदीपने सिद्ध केलं. मार्करमने मॅचमध्ये ९ कॅच घेतले, रेकॉर्ड झालं ते, आणि ९ कॅच घ्यायला कुणीतरी ९ वेळा द्यावे पण लागतात.

सिलेक्शनवर येतो. सर्फराजवरून सगळ्यात जास्त भांडणं, त्यात मुंबईवाले मित्र तर हमरीतुमरीवर येतात. मी त्यांना नेहमी सांगतो की बेंगळुरूला ४६ ऑलआउट झाल्यावर दुसऱ्या डावात त्याने १५० केले हे खरं, आणि पुढच्या चार डावात ११, ९, ०, १ हे पण खरं. यातलं मुंबईचं ० आठ नंबरवर आलेलं, म्हणजे दिवस संपताना चांगला बॅट्समन वाचवायला बॉलर सिराजला नाइट वॉचमन म्हणून आधी पाठवलं, तो शून्यावर गेला, आणि स्पिन खेळणारा तुमचा सगळ्यात चांगला पोरगा आठला. ऑस्ट्रेलियाला नेला आणि पाच टेस्ट पाणी वाहायला लावलं. मग १७ किलो वजन कमी केलं त्याने. तरी इंडिया ए मध्ये पण नाही. मी असं म्हणत नाही की सर्फराज ब्रॅडमन आहे, पण मुद्दा हा की तो नाही चालणार तर का नाही चालणार हे एकदा सरळ सांगा ना, पोराला तरी कळू दे.

करुण नायरचं मला जास्त लागतं. त्याच चेन्नईच्या ७५९ मध्ये त्याचे नाबाद ३०३ होते, आणि पुढच्याच टेस्टला बाहेर, कारण आपला अजिंक्य रहाणे दुखापतीतून परत आला. तेव्हा मला काही वाटलं नव्हतं, डोंबिवलीचा पोरगा परत आला म्हणून उलट आनंदच. मग आठ वर्षं तो टेस्टबाहेर, मधे कर्नाटकच्या टीममधून पण गेला, विदर्भाने घेतलं. विदर्भाकडून विजय हजारे ट्रॉफीत पाच सेंच्युऱ्या, ७७९ रन, आणि त्याच सीझनला नागपूरला रणजी फायनल जिंकून दिली. नागपूरला माझा साडू राहतो, तो तेव्हापासून करुणला "आमचा करुण" म्हणतो. मग इंग्लंडला संधी मिळाली, आठ डावात २०५. ०, २०, ३१, २६, ४०, १४, ५७, १७. नीट बघा हे आकडे, एकदाच शून्य, बाकी प्रत्येक वेळी सेट व्हायला लागला आणि गेला. आगरकर म्हणाला करुणकडून जास्त अपेक्षा होती. असेल, मला पण होती. पण सहा नंबरला एक टेस्ट, तीनला दोन, मग बाहेर, मग शेवटच्या टेस्टला परत खाली, हे त्याला आठ वर्षांनी मिळालेलं होतं.

आगरकरला शिव्या घालणं सोपं आहे. सिलेक्टर होणं म्हणजे सोसायटीचा सेक्रेटरी होण्यासारखं आहे, पाणी आलं तर कुणी विचारत नाही. आणि मुंबईचा माणूस तिथे बसला की लॉबी-लॉबी ओरड होतेच, ती आजची नाही. १९७१ ला सिलेक्शन कमिटीच्या विजय मर्चंटनी स्वतःचं कास्टिंग व्होट, म्हणजे निर्णायक मत, टाकून पतौडीच्या जागी वाडेकरांना कॅप्टन केलं, केवढा गहजब. आणि त्या वर्षी वेस्ट इंडिज आणि इंग्लंड दोन्हीकडे जिंकलो तेव्हा सगळे गप्प.

वाडेकर पण वन डाऊनच. हे बाबांनीच आठवण करून दिलं. १९७४ ला लॉर्ड्सवर ४२ ऑलआउट, तेव्हा बाबा कऱ्हाडला, तेरा वर्षांचे. फॉलोऑन मिळालेला, म्हणजे लगेच परत बॅटिंग, आमच्याकडे दुपार. आजीने दळणाला पिटाळलं, गिरणीत नंबर लावला, पीठ घेऊन घरी आले आणि रेडिओपाशी आजोबा बसलेले ते म्हणाले, संपलं. सतरा ओव्हर. एकनाथ सोलकर एकटा नाबाद १८. बाबा म्हणतात, "मला वाटलं लंच झाला असेल." इंदूरला १९७१ च्या विजयासाठी बॅटचं स्मारक उभारलेलं त्याला लोकांनी रंग फासला. आणि वाडेकरांना त्यानंतर वेस्ट झोनच्या टीममधून पण काढलं, त्यांनी रिटायरमेंट घेतली. तीन वर्षांत डोक्यावर आणि तीन वर्षांत पायाखाली. त्या मानाने आजचे ट्रोल म्हणजे काहीच नाही, असं बाबांचं मत, माझं नाही.

रोहित आणि कोहली मे २०२५ मध्ये टेस्टमधून गेले तेव्हा मला वाटलं होतं की आता प्रश्न सुटला, कारण ऑस्ट्रेलियात रोहितचे पाच डावात ३१ रन आणि कोहली परत परत ऑफ स्टंपबाहेर तेच तेच. मोठी नावं गेली, जागा मोकळ्या झाल्या, नवीन पोरं बसतील. आणि इंग्लंडमध्ये गिलने ७५४ काढले, सिरीज २-२, वाटलं झालंच. पण गिल चारला गेला आणि तीन परत रिकामी. घरातला कर्ता दुसऱ्या खोलीत झोपायला गेला की ओसरीवर कोण झोपणार हा प्रश्न उरतोच.

मला विचाराल तर माझं उत्तर साधं आहे, साईला पुढच्या दहा टेस्ट द्या. पडिक्कल द्या हवा तर. मला नावाचं खरंच काही पडलेलं नाही आता, दहा टेस्ट सलग एकालाच द्या आणि मधे त्याचा ८७ असो की ८, हात लावू नका. आणि त्या दहाच्या आधी त्याला रणजीचे चार-पाच सामने वळणाऱ्या पिचवर खेळवा, आयपीएलच्या सहा महिने आधी-नंतर सराव शिबिरं करण्यापेक्षा. पण पुढची टेस्ट आता कित्येक महिन्यांनी आहे, तोपर्यंत वनडे, टी-ट्वेंटी, वर्ल्ड कप, आयपीएल, आणि त्यात कुणीतरी चाळीस बॉलमध्ये शंभर मारेल आणि आपण म्हणू यालाच घ्या तीनला.

काल रात्री जेवताना बाबांनी विचारलं, "रविवारी रांचीला वनडे आहे ना? आपला ऋतुराज आहे का?"

म्हटलं, "टीममध्ये आहे. खेळवतील का माहीत नाही."

"आणि वन डाऊन कोण?"

"कोहली."

"मग ठीक आहे," म्हणाले आणि ताक मागितलं.